पिक्चर कसा वाटला? ‘एक नंबर’ आणि ‘बकवास’च्या मधलं बोलायचं तर…

(या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय. हेडफोन हाताशी नसेल तर वाचा, असेल तर ऐका.)

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी, सालेकसा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. आठही तालुक्यांतून आणि बाहेरूनही जे कोणी ऐकताय, वाचताय, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय सोपा वाटेल. नुकताच पाहिलेला पिक्चर कसा वाटला हे दुसऱ्याला सांगायचं कसं?

तुम्ही म्हणाल, हे काय शिकवायचं? रोजच तर सांगतो. ग्रुपवर कोणीतरी विचारतं, “पाहिला का बे? कसा हाय?” आपण लिहितो, “एक नंबर.” नाहीतर “बकवास, पैसे वाया.” झाला विषय.

आता गंमत बघा. हेच दोन शब्द आपण नव्वद टक्के पिक्चरला वापरतो. सासू-सुनेचा पिक्चर एक नंबर, मारामारीचा एक नंबर, रडवणारा पण एक नंबर. मग समोरच्याला कळलं काय? फक्त एवढंच की तुम्हाला आवडला. का आवडला, कोणाला आवडेल, त्याला आवडेल का, काहीच नाही.

म्हणून आज आपण नीट समजून घेऊ. परीक्षण लिहायचं नाहीये आपल्याला, पेपरात छापायचं नाहीये. चहाच्या टपरीवर, ट्रेनमध्ये, व्हॉइस नोटमध्ये जे बोलतो तेच जरा कामाचं कसं होईल, एवढंच बघायचंय. आणि त्यासाठी उदाहरणं घेऊ आपल्याच आजूबाजूची.

एका मतात तीन मतं असतात

“कसा होता?” या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न लपलेले असतात.

पहिला: तुला काय झालं? हसलास, रडलास, झोपलास, घाबरलास?

दुसरा: पिक्चरमध्ये काय आहे? गोष्ट, काम, गाणी, कॅमेरा, भाषा. काय चांगलं, काय ढिलं?

तिसरा: मी पाहू का?

आपण तिघांचं उत्तर एकाच शब्दात देतो, तिथे गोंधळ होतो. तुम्ही रात्रपाळी करून आलात, पिक्चर लावला आणि अर्ध्या तासात झोपलात. हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यावरून “पिक्चर बोरिंग आहे” हे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. तसंच तुम्हाला भूताचे पिक्चर आवडतच नसतील, तर भूताचा उत्तम पिक्चरही तुम्हाला नकोसा वाटणार. पण मित्राला तेच हवं असेल तर?

म्हणून साधी सवय लावा. “मला कसा वाटला” आणि “पिक्चर कसा आहे” ही दोन वाक्यं वेगळी बोला. बस, अर्धं काम इथेच झालं.

आपल्याला जे माहीत आहे ते मुंबईच्या समीक्षकाला माहीत नसतं

बऱ्याच जणांना वाटतं, आपल्याला सिनेमातलं काय कळतं? कॅमेरा कळत नाही, एडिटिंग कळत नाही. अरे भाऊ, पण तुम्हाला जागा कळते, माणसं कळतात. ते फार मोठं भांडवल आहे.

‘न्यूटन’ घ्या. २०१७ चा पिक्चर, अमित मसूरकरांचा. राजकुमार राव त्यात निवडणूक अधिकारी झालाय. छत्तीसगडच्या जंगलातल्या एका गावात मतदान घ्यायला जातो. मतदार किती, तर ७६. शूटिंग झालं दल्ली राजहरा भागात. नकाशा उघडून बघा, आपल्यापासून फार लांब नाही. त्या वर्षी भारताकडून ऑस्करला हाच पिक्चर पाठवला होता.

त्या पिक्चरमध्ये घड्याळाला फार महत्त्व आहे. दुपारी ३ वाजेपर्यंत मतदान, त्याच्या आत गुंडाळायचं नाही, हा न्यूटनचा हट्ट. पुण्यातल्या प्रेक्षकाला हा पटकथेतला डाव वाटू शकतो. पण सालेकसा-देवरीच्या माणसाला? २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात आपल्या आमगाव विधानसभा भागातलं मतदान दुपारी ३ लाच संपलं होतं. राज्यात बहुतेक ठिकाणी संध्याकाळी ६ पर्यंत. म्हणजे आपल्यासाठी तो ३ चा आकडा घरचा आहे. सुरक्षा दलाच्या गाड्या, पेट्या घेऊन निघालेले कर्मचारी, लवकर आटपायची घाई, हे आपल्याकडच्या कितीतरी शिक्षकांनी ड्यूटीवर असताना अनुभवलंय.

मग आपलं मत काय असू शकतं? “त्यातला न्यूटन जरा जास्तच सरळ दाखवलाय, पण ड्यूटीवरची घाई आणि भीती बरोबर पकडली आहे.” किंवा, “अंजली पाटीलने केलेली मलको बघ. तिथल्या लोकांची भाषा फक्त तिला येते. साहेबाला गोंडी येत नाही आणि समोरच्याला निवडणूक म्हणजे काय ते कळत नाही. मध्ये पूल कोण? शाळेतली बाई.” हे वाक्य कोणत्याही मोठ्या परीक्षणाच्या तोडीचं आहे. कारण ते बघून बोललेलं आहे.

उलटही होऊ शकतं. जंगलातलं जगणं ज्याला माहीत आहे त्याला एखादी गोष्ट खोटी वाटेल. तीही सांगा. “असं होत नाही आपल्याकडे” हे वाक्य सांगताना फक्त पुढे जोडा, मग कसं होतं.

‘संथ’ आणि ‘कंटाळवाणा’ यात फरक आहे

त्याच मसूरकरांचा पुढचा पिक्चर ‘शेरनी’. जून २०२१ मध्ये थेट मोबाइलवर, ॲमेझॉन प्राइमवर आला. विद्या बालन वन अधिकारी. शूटिंग शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या जंगलात झालं. एक वाघीण माणसांवर हल्ले करते, तिला पकडायचं की मारायचं, यावरून वनखातं, पुढारी, शिकारी आणि गावकरी यांची ओढाताण. पाहताना यवतमाळच्या पांढरकवडा भागातली अवनी आठवल्याशिवाय राहत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली होती.

हा पिक्चर अनेकांनी “स्लो आहे” म्हणून अर्ध्यात सोडला. आता स्लो आहे हे खरंच. मीटिंगा आहेत, कॅमेरा ट्रॅप आहेत, पगमार्क शोधणं आहे, फाइली आहेत. विद्या बालन एकदाही टेबलावर हात आपटून भाषण देत नाही. पण का नाही देत? कारण सरकारी खात्यात खालच्या-मधल्या फळीतला माणूस असाच काम करतो. तोंड बंद ठेवून, जमेल तेवढं. पिक्चरला नेमकं तेच दाखवायचंय.

म्हणजे संथपणा हा पिक्चरचा स्वभाव आहे. कंटाळा ही तुमची प्रतिक्रिया आहे. दोन्ही खरे असू शकतात. “संथ आहे, मला चालला” किंवा “संथ आहे, मला झेपला नाही” असं म्हणा. एकदम समोरच्याला कळतं की त्याने बघावा की नाही.

आणि आपल्यासाठी हा विषय पडद्यावरचा नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ पासून आहे. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या. ज्याच्या घरचे लोक उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात, त्याला ‘शेरनी’तला गावकरी कसा दिसेल? आणि नागझिऱ्यात सफारीवाल्यांना फिरवणाऱ्या गाइडला कसा दिसेल? एकाच गावातली दोन पोरं, दोन वेगळी मतं. दोन्ही बरोबर. मला विचाराल तर या पिक्चरची खरी गंमत तो बघून झाल्यावरच्या वादात आहे.

तक्रार करायची तर नेम धरून करा

पुढचं उदाहरण नागपूरचं. ‘झुंड’. ४ मार्च २०२२ ला आला. नागराज मंजुळेंचा पहिला हिंदी पिक्चर. झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणाऱ्या विजय बारसे सरांवर बेतलेला. अमिताभ बच्चन मास्तर, आणि पोरं बरीचशी नागपूरचीच, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली. त्यातल्या अंकुश गेडामला पुढे फिल्मफेअरचा पदार्पणाचा पुरस्कार मिळाला.

‘झुंड’बद्दलची सगळ्यात कॉमन तक्रार: “लय लांबला.” जवळजवळ तीन तास आहे, त्यामुळे तक्रार चुकीची नाही. पण “लांबला” म्हणून थांबू नका. कुठे लांबला? पहिल्या अर्ध्यात मॅच आहे, पोरांची ओळख आहे, तिथे कोणाला कंटाळा येत नाही. दुसऱ्या भागात गोष्ट पासपोर्ट, ओळखीचे कागद, घरची भांडणं यांच्यात शिरते. तिथे काही लोक सुटतात.

आता प्रश्न विचारा: तो भाग काढला तर काय उरेल? फुटबॉल जिंकण्याचा अजून एक पिक्चर. मंजुळेंना सांगायचंय की गोल मारणं सोपं आहे, त्या भिंतीपलीकडे जायला लागणारा कागद मिळवणं अवघड आहे. ज्याने जातीच्या दाखल्यासाठी, डोमिसाइलसाठी सेतू केंद्राच्या चकरा मारल्यात त्याला तो भाग लांबलेला वाटणार नाही. कदाचित कमीच वाटेल.

माझं मत? दुसरा भाग गरजेचा आहे, पण त्यातले काही प्रसंग एकच गोष्ट दोनदा सांगतात. बघा, हे मत तुम्हाला पटो न पटो, तुम्ही माझ्याशी भांडू शकता. कारण मी नेमकं बोललो. “बकवास” म्हणणाऱ्याशी भांडताही येत नाही.

आपली बोली पडद्यावर आली की कान टवकारा

आता ज्या पिक्चरबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो. ‘स्थळ’. दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात केलेला. २०२३ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे थिएटरात आला ७ मार्च २०२५ ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी.

गोष्ट एवढीच: सविता नावाची मुलगी कॉलेजात शिकते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, आणि घरचे तिला स्थळं दाखवतायत. पाहुणे येतात, ती समोर बसते, तेच ते प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची. पाहुणे जातात. मग दुसरे येतात. पुन्हा तेच. वडील कापूस पिकवतात आणि भावाची वाट बघतात. कापसाच्या जागी धान ठेवा, झाली गोंदियाची गोष्ट.

पिक्चरची सुरुवात तर अशी की बायका ओळीने बसल्यात आणि मुलाला बोलावून प्रश्न विचारतायत. थिएटरात हसू येतं. मग ते स्वप्न होतं हे कळतं आणि तेच सगळं उलटं सुरू होतं, आणि आता हसू येत नाही. प्रसंग तोच, माणसं फक्त बदलली.

याच्यावर मत देताना तीन गोष्टी बघा.

पहिली भाषा. मराठी सिनेमात विदर्भाची बोली आली की बहुतेक वेळा ती हसवायला येते. एखादा नोकर, एखादा गावंढळ पाहुणा “काऊन जी” म्हणतो आणि थिएटर हसतं. ‘स्थळ’मध्ये सगळेच तसं बोलतात. हिरोईन पण, मास्तर पण, बाप पण. त्यामुळे बोली विनोद राहत नाही, ती नुसती भाषा होते. आपल्याकडे झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगडी असं सगळं एकत्र चालतं. बाहेर शिकायला गेल्यावर ज्याला ज्याला आपल्या बोलण्यावरून चिडवलंय, त्याला हा फरक लगेच कळेल.

दुसरी गोष्ट, पुनरावृत्ती. तेच प्रश्न परत परत ऐकून कंटाळा येतो. यायलाच पाहिजे. आपल्याला दीड-दोन तासांत येतो, तिला वर्षानुवर्षं येतो. इथे कंटाळा हाच पिक्चरचा मुद्दा आहे.

तिसरी गोष्ट, तुम्ही कोण म्हणून बघताय? मुलगा असाल आणि स्थळ बघायला जाऊन आला असाल, तर पाहुण्यांच्या ओळीत तुम्ही स्वतःला शोधाल. मुलगी असाल तर वेगळं. लग्नाच्या वयाच्या मुलीचा बाप असाल तर अजून वेगळं. हा पिक्चर घरच्यांसोबत बघून पाहा आणि नंतर जेवताना फक्त एवढंच विचारा, “कसा वाटला?” मला वाटतं, बऱ्याच घरांत त्या रात्री पिक्चरवर कमी आणि घरावर जास्त बोलणं होईल. बहिणीचा जो विषय महिनोन्‌महिने निघत नाही, तो सविताच्या नावाने निघतो. पिक्चरवर गप्पा मारायचा हा मोठा फायदा. दुसऱ्याच्या गोष्टीच्या आडून आपलं बोलता येतं.

आदर एकीकडे, पिक्चर एकीकडे

आता जरा नाजूक विषय. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘छावा’ आला. लक्ष्मण उतेकरांचा, विकी कौशल संभाजी महाराजांच्या भूमिकेत, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला. थिएटरात घोषणा झाल्या, लोक रडत बाहेर आले. रिलीजच्या आधीच लेझीमच्या प्रसंगावरून वाद होऊन तो काढला गेला होता.

अशा पिक्चरबद्दल ग्रुपवर कोणी म्हटलं की “पहिला हाफ जरा विस्कळीत वाटला” किंवा “म्युझिक जमलं नाही”, तर लगेच उत्तर येतं, “तुला महाराजांबद्दल आदर नाही का?” आणि समोरचा गप्प होतो.

मंडळी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. महाराजांबद्दलचा आदर पिक्चरच्या आधीपासून आहे आणि नंतरही राहणार. रहमानचं संगीत त्या काळाला शोभतं का, युद्धाचे प्रसंग कसे घेतलेत, येसूबाईंना पुरेसा वेळ मिळाला का, हे प्रश्न पिक्चर बनवणाऱ्यांना आहेत. पिक्चरची चूक काढणं म्हणजे महाराजांची चूक काढणं नाही. उलट, विषय मोठा असेल तर अपेक्षा जास्त ठेवायला पाहिजे.

हेच सैनिकांवरच्या पिक्चरला लागू, संतांवरच्या पिक्चरला लागू, आणि आवडत्या हिरोच्या पिक्चरलाही लागू. ग्रुपमध्ये एकटा वेगळं बोलत असेल तर त्याला बोलू द्या. तो नेमकं बोलतोय का एवढंच बघा.

झाडीपट्टीचा प्रेक्षक आठवा

आपल्याकडे मत द्यायची परंपरा सिनेमाच्या आधीची आहे. दिवाळीनंतर धान निघालं की मंडई भरते, पुढे शंकरपट, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हा हंगाम चालतो. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं केंद्र. आपल्या गोंदिया-बल्लारशा लाईनवरचंच स्टेशन. नाटक रात्री सुरू होतं आणि बऱ्याचदा पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अख्ख्या झाडीला आनंद झाला.

तिथला प्रेक्षक बघा. थंडीत शाल-चादर गुंडाळून बसलेला. प्रसंग आवडला तर शिट्ट्या, टाळ्या. नाही आवडला तर समोरच बोलतो, नाहीतर उठून चहा प्यायला जातो. आणि सकाळी टपरीवर सगळं नाटक पुन्हा एकदा होतं: “खलनायक मस्त होता, पण बापाचं काम करणारा पाठांतर विसरत होता”, “गाणी बरी, शेवट ताणला.” पुढच्या गावाने तीच कंपनी बोलवायची की नाही, यात त्या टपरीवरच्या बोलण्याचाही वाटा असतो.

म्हणजे ‘माझं मत काय कामाचं’ असं आपल्या आजोबांना कधी वाटलं नाही. त्यांनी स्टार दिले नाहीत. पण कोण कुठे चुकला हे नावानिशी सांगितलं. आपण मोबाइलवर तेवढं करू शकत नाही का?

स्टार, टक्के आणि कोटी: हे आकडे काय सांगतात?

आता थोडं तांत्रिक. पिक्चर बघायचा की नाही हे आपण आकडे बघून ठरवतो. म्हणून आकडे कसे बनतात ते माहीत पाहिजे.

आयएमडीबीवर १० पैकी गुण असतात. ते लोकांच्या मतांवरून काढतात, पण साधी सरासरी नसते. कोणत्या मताला किती वजन हे ते ठरवतात. तरीही नवीन पिक्चरला सुरुवातीच्या दिवसांत चाहते १० देतात आणि विरोधक १ देतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यावर फार विसंबू नका.

रॉटन टोमॅटोजचा टक्का तर वेगळाच. ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण नाहीत. १०० समीक्षकांपैकी ९० जणांचं मत एकंदर बरं आहे, एवढाच अर्थ. समजा दहाच्या दहा जण म्हणाले “ठीक आहे, बघता येईल”, तर टक्का होतो १००. आणि सहा जणांना तो आयुष्यातला सर्वात भारी वाटला, चौघांना आवडला नाही, तर टक्का होतो ६०. आता सांगा, कोणता पिक्चर जास्त बघण्यासारखा?

कोटींचा आकडा तर गुणवत्तेचा नाहीच. कलेक्शन म्हणजे किती तिकिटं गेली. त्यातही कर धरून की वजा करून, भारतातलं की जगभरातलं, प्रत्येक पोस्टमध्ये वेगळं. ‘स्थळ’ आणि ‘छावा’ यांची कमाई शेजारी ठेवून ‘कोणता चांगला’ ठरवणं म्हणजे किराणा दुकान आणि मॉलची विक्री बघून तांदूळ कुठला चांगला ते ठरवणं. गोंदियाच्या माणसाला तांदळाबद्दल असं कोणी सांगितलं तर तो ऐकेल का?

आणि एक लक्षात ठेवा, इंटरनेटवरचं प्रत्येक मत फुकटातलं नसतं. काही पैसे घेऊन चढवतात, काही ठरवून पाडतात. याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. केरळमध्ये २०२३ मध्ये हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने तर नोव्हेंबर २०२४ मध्ये थिएटरवाल्यांना सांगितलं, यूट्यूबवाल्यांना आवारात मुलाखती घेऊ देऊ नका. मला विचाराल तर खोट्या मतावरचा इलाज मत बंद करणं हा नाही. ओळखीच्या माणसाचं खरं मत, तेही कारणासकट, हाच इलाज.

तुमच्या दोन वाक्यांनी काय होतं?

मोठ्या पिक्चरला जाहिरातीचे पैसे असतात. छोट्याला असते फक्त तोंडी प्रसिद्धी. आणि वेळ फार कमी असतो. शुक्रवारी पिक्चर लागतो, शनिवार-रविवारची गर्दी बघून थिएटरवाला ठरवतो, सोमवारपासून किती खेळ ठेवायचे. पुढच्या शुक्रवारी नवीन पिक्चर दारात उभा. म्हणजे रविवारी रात्रीपर्यंत कोणी बोललंच नाही, तर पिक्चर गेला.

उलटी उदाहरणंही आहेत. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला तेव्हा सुरुवातीला अनेकांनी त्याला पडेल म्हटलं होतं. मग लोकांनी लोकांना सांगितलं, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांहून जास्त चालला. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला. दोन नवीन पोरं, ओळखीचा हिरो नाही. पण बघून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला घेऊन गेला. मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले आणि कमाई शंभर कोटींच्या घरात गेली.

आजच्या पिक्चरला पाच वर्षं कोणी देणार नाही. तीन दिवस मिळतात. म्हणून छोटा पिक्चर आवडला तर लगेच सांगा.

बघितला कसा, हे पण सांगा

अजून एक गोष्ट लोक विसरतात. पिक्चर कुठे आणि कसा बघितला यावर मत बदलतं.

महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाहून कोल्हापूरला निघालात तर एका दिवसापेक्षा जास्त वेळ आहे. चार पिक्चर आरामात होतात. पण पाच-सहा इंचांचा स्क्रीन, मध्ये नेटवर्क जातंय, शेजारी कोणी चिवडा खातंय, आणि तुम्ही दीडपट स्पीड लावलाय. अशा वेळी “पिक्चरमध्ये शांतता जमली नाही” म्हणू नका. शांतता तुम्हीच पळवली ना भाऊ! “मोबाइलवर बघितला, गोष्ट आवडली, मोठ्या पडद्यावर अजून चांगला वाटेल” एवढं सांगा.

आणि टेलिग्रामवरची थिएटरमधून चोरून काढलेली प्रिंट बघून “फोटोग्राफी अंधारी आहे, आवाज फुटतो” हे तर बोलूच नका. शिवाय हा गमतीचा विषय नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात चोरून रेकॉर्ड करणाऱ्याला किंवा तशी कॉपी दाखवणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. “लिंक टाक ना बे” म्हणताना हे आठवा.

स्पॉयलरचा नियम सोपा ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात जे कळतं ते सांगायला हरकत नाही. त्याच्या पुढचं विचारून सांगा. “शेवट सांगू का?” हे तीन शब्द बोलायला किती वेळ लागतो?

एका मिनिटाची व्हॉइस नोट

शेवटी सगळं एका जागी आणू. पुढच्या वेळी कोणी “कसा हाय?” विचारलं की ही पाच वाक्यं बोला:

१. कसा बघितला: थिएटरात, टीव्हीवर, मोबाइलवर, एकट्याने की घरच्यांसोबत.

२. मला काय झालं: हसलो, रडलो, मध्येच मोबाइल काढला.

३. एक गोष्ट जी जमली, प्रसंगासकट. “ॲक्टिंग चांगली” चालणार नाही. कोणाची, कुठे?

४. एक गोष्ट जी नाही जमली, तीही तशीच नेमकी.

५. कोणी बघावा, कोणी नको. “आईसोबत बघ”, “जेवताना नको”, “झोप येत असेल तर उद्या बघ.”

नमुना म्हणून ‘स्थळ’ची करून दाखवतो:

“मोठ्या पडद्यावर बघितला, मित्रासोबत. पहिल्या प्रसंगाला लय हसलो, शेवटी दोघंही गप्प होतो. पाहुणे तेच प्रश्न विचारतात आणि सविताचा आवाज प्रत्येक वेळी बदलत जातो, ते फार भारी जमलंय. मधल्या भागात थोडा रेंगाळतो. तू बहिणीसोबत बघ, आणि बाबांना पण बसव.”

मोजा, अर्धा मिनिट पण नाही झाला. पण ऐकणाऱ्याला पिक्चर कळला, तुम्ही कळलात, आणि काय करायचं ते कळलं.

तर या आठवड्याचं काम. शेवटचा पाहिलेला कोणताही पिक्चर घ्या, नवा-जुना, मराठी-हिंदी, काहीही. पाच वाक्यांची व्हॉइस नोट करा आणि अशा एकाला पाठवा ज्याचं मत तुमच्यापेक्षा वेगळं असेल याची तुम्हाला खात्री आहे. भांडण झालं तर उत्तम. फक्त “बकवास” म्हणून पळायचं नाही, दोघांनीही.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर पाहत राहा, बोलत राहा. जय महाराष्ट्र, जय झाडी!